पाण्यातले राज्य आणि काठावरची रयत

सीमाप्रश्नाचा विषय निघाला की शहाण्यासुरत्या माणसांकडून एक आक्षेप हमखास ऐकावयास मिळतो. मुलूख तो केवढा, वस्ती ती किती, आणि एवढ्याशा तुकड्यासाठी राज्याच्या सीमा हलवावयाच्या, निराळे कायदे करावयाचे, निराळ्या शाळा उघडावयाच्या, हे सरकारला कसे परवडावे? आक्षेप घेणारा माणूस बहुधा राजधानीत राहणारा असतो आणि नकाशाकडे पाहून बोलणारा असतो. नकाशावर आपला मुलूख बोटाच्या पेराखाली झाकला जातो हे आम्हांस मान्य आहे. परंतु पेराखाली झाकल्या जाणाऱ्या मुलखांचे प्रश्न जगाने कसे सोडविले, आणि ते न सोडविल्याने काय झाले, याची दोन उदाहरणे आज आम्ही वाचकांपुढे ठेवणार आहोत. दोन्ही उदाहरणे बेटांची आहेत. एक आपल्याच कोकणातले, दुसरे युरोपच्या उत्तर टोकाचे.

पहिले जंजिऱ्याचे. जंजिरा हा शब्दच मुळी अरबी ‘जझीरा’ म्हणजे बेट या शब्दावरून आला. मुरुडच्या दक्षिणेस, राजपुरी खाडीच्या तोंडाशी, काठापासून हाकेच्या अंतराहून थोड्या अधिक अंतरावर वीस-बावीस एकरांचा एक खडक आहे आणि त्या खडकावर तट उभा आहे. या खडकाच्या नावाने जे राज्य ओळखले जाई ते मात्र खडकावर नव्हतेच. ते काठावर होते. उत्तरेस कुंडलिकेची रेवदंडा खाडी, दक्षिणेस सावित्रीची बाणकोट खाडी, पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस डोंगरांची रांग, अशा चौकटीत सुमारे सव्वातीनशे चौरस मैलांचा तो टापू. मुरुड, म्हसळे आणि श्रीवर्धन हे त्याचे महाल. मधोमध राजपुरीची खाडी आत शिरून त्याचे दोन भाग करी. लोक या सगळ्या मुलखाला हबसाण म्हणत. १९०१ च्या शिरगणतीत तेथली वस्ती सुमारे पंच्याऐंशी हजार भरली. ही सारी प्रजा मराठी आणि कोकणी बोलणारी. कोळी, आगरी, कुणबी, ब्राह्मण, कोकणी मुसलमान, सर्व एकाच बोलीच्या छटा बोलणारे. राज्य करणारे सिद्दी मात्र मूळचे आफ्रिकेतून आलेले, दर्यावर्दी आणि लढवय्ये.

जंजिरा अजिंक्य राहिला, ही गोष्ट आपल्याकडे पोवाडे गाण्याच्या सुरात सांगितली जाते, आणि तो सूर आम्हांस फारसा मानवत नाही. अजिंक्य राहिला हे खरे. शिवाजी महाराजांनी समोरच्या खडकावर पद्मदुर्ग उभारला, तरी जंजिरा पडला नाही. संभाजी महाराजांनी १६८२ च्या मोहिमेत खाडीत भराव घालून बेटापर्यंत वाट करण्याचा घाट घातला, तोही अपुरा राहिला. पेशव्यांनी आणि आंग्र्यांनी १७३३ पासून मोहीम चालविली. १७३६ साली चिमाजी अप्पांच्या हातून सिद्दी सात मारला गेला, तरी खडकावरचे निशाण उतरले नाही. परंतु निशाण टिकले ते कशाच्या बळावर, हा प्रश्न पोवाड्यात येत नाही. खडकावर भात पिकत नाही. गोड्या पाण्याची दोन तळी आहेत, तटावर कलालबांगडीसारख्या तोफा आहेत. पण तोफेचा गोळा आणि गोलंदाजाची भाकरी दोन्ही बाहेरून आणावी लागतात.

ती कोठून येई? सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्दी मोगलांचा आरमारी सरदार झाला आणि सुरतेच्या उत्पन्नातून त्याला तनखा मिळू लागला. म्हणजे ज्या स्वातंत्र्याचे एवढे कौतुक होते, त्याचा खर्च सुरतेच्या व्यापारी पेढ्यांवर पडत होता. दुसरा आधार काठावरच्या अकरा महालांचा. १७३६ नंतरच्या तहात त्यांपैकी साडेपाच मराठ्यांकडे गेले आणि सिद्दीच्या राज्याचे बळ निम्म्यावर आले. किल्ला एका दगडानेही ढासळला नाही, राज्य मात्र अर्धे झाले. मुत्सद्देगिरीच्या दृष्टीने पाहता तोफांनी जे साधले नाही ते खाचरांच्या वाटणीने साधले, असेच म्हणावे लागते. पुढे १७९१ साली पेशवे दरबाराने गुजरातेतील सचीन देऊन त्याच्या बदल्यात जंजिऱ्यावरचा हक्क गादीच्या एका वारसदाराकडून लिहून घेतला. त्या कागदाने सुरतेजवळ सिद्द्यांचे दुसरे संस्थान निर्माण झाले आणि जंजिरा होता तेथेच राहिला. कागदावर राज्ये मिळविण्याचा छंद आपल्याकडेही नवा नाही.

इंग्रजी अमदानीत या राज्याचे पोट कशावर भरे, हे पाहिले म्हणजे चित्र स्पष्ट होते. भात, नाचणी, वरी, किनाऱ्यालगत नारळी-पोफळीच्या वाड्या, खाड्यांत मासळी, डोंगरात साग आणि ऐन. श्रीवर्धनच्या सुपारीचा लौकिक आजही आहे. लाकूडफाटा गलबतांत भरून मुंबईला जाई, कारण मुंबईच्या चुली पेटत्या ठेवण्यासाठी सारे कोकण तोडले जात होते. आणि ज्या घरात वाडी नाही, खाचर नाही, त्या घरातला तरुण मुंबईच्या गिरणीत नाहीतर आगबोटीवर जाई. राज्याचे नाव जंजिरा, त्याची बाजारपेठ मुंबई, त्याच्या प्रजेची मनीऑर्डरही मुंबईहून येणार! स्वतंत्र संस्थान म्हणून मिरविणाऱ्या त्या मुलखाची आर्थिक नाळ कधीच तुटलेली नव्हती. फक्त जकातीचे नाके मध्ये उभे होते.

आता राज्यव्यवस्थेचे पाहू, कारण येथे एक विलक्षण गोष्ट आहे. जंजिऱ्याची गादी आरंभी बापाकडून मुलाकडे जाणारी नव्हती. सिद्दी सरदार आपल्यातूनच एकाला पुढे करीत. कर्ता पुरुष गेला की आरमारातला दुसरा कर्ता पुरुष त्याच्या जागी येई. वंशपरंपरेच्या त्या युगात हा प्रकार खरोखर नवलाचा. त्याला स्वराज्य म्हणावयाचे का? सरदारांपुरते ते स्वराज्य होते, यात शंका नाही. परंतु निवड करणारे मूठभर, आणि ज्यांच्यावर राज्य करावयाचे ते हजारोंनी, त्यांना निवडीत स्थान नाही. ज्या कोळ्यांनी चाच्यांपासून बचाव करण्यासाठी त्या खडकावर पहिला लाकडी मेढेकोट उभारला असे परंपरा सांगते, त्या कोळ्यांनाही नाही. तटाच्या आत मतदान आणि तटाच्या बाहेर वसुली, अशी ती व्यवस्था होती. आणि अशी व्यवस्था आतूनच सडते. १८६८ च्या सुमारापर्यंत या संस्थानात इंग्रजांचा पोलिटिकल एजंटही नव्हता, खंडणीही नव्हती. इतकी मोकळीक फार थोड्या संस्थानिकांस होती. तेवढ्यात सरदारांचे आणि नवाबाचे फाटले, फौजदारी न्यायाचा बोजवारा उडाला, आणि इंग्रजांनी तो कारभार नवाबाच्या हातून काढून आपल्या एजंटाकडे दिला. लहान मुलखाचे स्वातंत्र्य परक्याच्या तोफेने जाण्याआधी घरच्या गैरकारभाराने जाते, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

न्यायाने बोलावयाचे तर नंतरचे नवाब सिद्दी अहमदखान हे कर्तबगार होते. १८७९ ते १९२२ अशी त्यांची दीर्घ कारकीर्द. मुरुडच्या टेकडीवर त्यांनी राजवाडा बांधला, पण गारंबीहून मुरुड गावाला पाणीही आणले. आम्ही संस्थानी अमलाचे चाहते नाही. परंतु ज्याने पाणी आणले त्याचे नाव घ्यावे, हा साधा शिष्टाचार आहे. तरीही पाणी देणारा राजा आणि मत देणारा नागरिक या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हबसाणातल्या माणसाला पहिली मिळाली, दुसरी मिळाली नाही.

म्हणूनच १९४७ चा ऑगस्ट उजाडला तेव्हा अजिंक्य जंजिरा कागदाच्या घरासारखा कोसळला. जानेवारी १९४८ मध्ये नानासाहेब पुरोहित, मोहन धारिया आणि त्यांचे सहकारी यांनी उभारलेली लोकसेना म्हसळ्याच्या बाजूने संस्थानात शिरली. तिच्याजवळ आरमार नव्हते, कलालबांगडी नव्हती. तिला खडकाकडे जाण्याची गरजही पडली नाही. काठावरचे महाल हातचे गेले की खडकाला अर्थ उरत नाही, हे दोनशे वर्षांपूर्वीच सिद्ध झाले होते. त्याच वर्षी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याचे तिन्ही महाल कुलाबा जिल्ह्याचे, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याचे, तालुके बनले.

येथे आमच्या वाचकांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. जंजिऱ्याच्या नवाबाची आणखी एक जहागीर होती, काठेवाडच्या किनाऱ्यावरचे जाफराबाद. राजा एक, खजिना एक, निशाण एक. तरी विलीनीकरणाच्या वेळी कोणी असे म्हटले नाही की, हे दोन्ही मुलूख एका गादीखाली होते म्हणून ते एकाच राज्यात राहावेत. जाफराबादची भाषा गुजराती, त्याची बाजारपेठ काठेवाडात. ते सौराष्ट्रात गेले. १९५६ साली सौराष्ट्र द्विभाषिक मुंबई राज्यात आले तेव्हा दोघांची पुन्हा एका छपराखाली गाठ पडली, आणि १ मे १९६० रोजी ती पुन्हा सुटली. हा व्यवहार इतका स्वाभाविक वाटला की त्यावर कोणी लेखणी झिजविली नाही. जो न्याय बारा कोसांच्या मुरुडाला आणि समुद्रापलीकडच्या जाफराबादला विनासायास मिळाला, तोच न्याय मागताना इतरांच्या पायाला फोड का यावेत, हा प्रश्न आम्ही विचारणारच.

मात्र विलीनीकरण झाले म्हणजे गंगेत घोडे न्हाले, असे सांगणारे आम्ही नव्हे. हबसाणातल्या माणसाला १९४८ नंतर मत मिळाले, आणि त्या मताचे मोलही दिसले. १९६२ साली श्रीवर्धनातून विधानसभेवर गेलेले बॅरिस्टर अ. र. अंतुले १९८० साली महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. नवाबाच्या दरबारात ज्याला मुजरा करून उभे राहावे लागले असते, त्या मुलखातला माणूस राज्याच्या गादीवर बसला. पण त्याच मुलखातला प्रवासी राजपुरीची खाडी कित्येक दशके तरीनेच ओलांडीत राहिला. पूल मागावा लागतो, भांडून मागावा लागतो, आणि आपल्या राज्यातही भांडूनच मागावा लागतो. जे तरुण आमच्या सभांत विलीनीकरणाचा दिवस हा दुःखाचा शेवटचा दिवस मानून टाळ्या देतात, त्यांनी एकदा ही खाडी ओलांडून यावी.

आता दुसरे बेट. बाल्टिक समुद्रात, स्वीडन आणि फिनलंड यांच्या मध्ये, ऑलंड नावाचा द्वीपसमूह आहे. लहानमोठी सहा हजारांहून अधिक बेटे आणि खडक, त्यांतली साठेकच वस्तीची; एकूण जमीन पंधराशे चौरस किलोमीटरांच्या वर थोडी, आणि माणसे सुमारे तीस हजार. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम नगरपालिकेएवढी. भाषा स्वीडिश. १८०९ साली स्वीडनने फिनलंड गमावले, त्याबरोबर ही बेटेही रशियाच्या झारकडे गेली. १९१७ साली झारशाही कोसळली. त्याच वर्षी ऑगस्टात बेटांवरचे प्रतिनिधी एका लोकशाळेत जमले आणि त्यांनी ठरविले की, आम्हांस आमच्या भाषिक मातृभूमीत, स्वीडनमध्ये, विलीन व्हावयाचे आहे. घरोघर सह्या गोळा झाल्या. बहुसंख्य प्रौढ नागरिकांनी त्या केल्या. फिनलंड तेव्हा नुकताच स्वतंत्र झाला होता; त्याने नकार दिला, १९२० साली स्वायत्ततेचा कायदा करून पुढे केला, आणि बेटकऱ्यांनी तो धुडकावताच त्यांच्या दोन पुढाऱ्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात घातले. त्यांतला एक युलिउस सुंडब्लुम. हा गृहस्थ वृत्तपत्राचा संपादक होता. आमच्या व्यवसायबंधूंस हे वाचून थोडे बरे वाटले तर त्यांना दोष देऊ नये.

प्रश्न राष्ट्रसंघापुढे गेला. जून १९२१ मध्ये निकाल लागला तो बेटकऱ्यांच्या विरुद्ध. बेटे फिनलंडची. सह्यांचे गठ्ठे, भाषेचे नाते, लोकमताची मागणी, सर्व बाजूस राहिले. आमच्या मते तो निकाल अन्यायाचाच होता. लोकांची इच्छा इतकी स्पष्ट असता ती न मोजणे याला दुसरे नाव नाही. पण निकालाचा उत्तरार्ध पाहा. फिनलंडने हमी द्यावयाची की, बेटांवर शाळेचे माध्यम स्वीडिशच राहील, जमीन स्थानिकांच्या हातून सहजी जाणार नाही, आणि बेटांचे कायदेमंडळ बेटांचे असेल. ९ जून १९२२ रोजी ते कायदेमंडळ प्रथम भरले. त्याचा पहिला सभापती कोण? तोच तुरुंगातून सुटलेला संपादक सुंडब्लुम. आणि १९४५ साली मरेपर्यंत तो त्या खुर्चीवर होता.

या कायदेमंडळात आज तीस सभासद आहेत. शिक्षण, आरोग्य, पोलीस, स्थानिक उद्योग हे विषय त्यांच्या हाती. सरकारी भाषा स्वीडिश, एकटी स्वीडिश. बेटावर जमीन घ्यावयाची, कायदेमंडळासाठी मत द्यावयाचे, तर आधी अधिवासाचा हक्क मिळवावा लागतो. १९५४ पासून त्यांचा स्वतःचा ध्वज आहे, १९८४ पासून स्वतःची टपाल तिकिटे. शेतीभाती थोडी, खरे उत्पन्न जहाजांचे आणि प्रवासी बोटींचे. १९९५ साली फिनलंडबरोबर युरोपीय संघात जाताना त्यांनी करांच्या बाबतीत आपल्यासाठी वेगळा करार करून घेतला, कारण बोटीवरच्या करमुक्त विक्रीवर त्यांची अर्धी भाकर अवलंबून होती. तीस हजार माणसांनी युरोपच्या बड्या राष्ट्रांसमोर बसून आपल्या बोटींपुरते निराळे कलम मागितले, आणि मिळविले. मुलूख लहान म्हणून त्याचा प्रश्न लहान, असे तेथे कोणी म्हटले नाही.

म्हणजे पाहा, जंजिऱ्याला समुद्राची भिंत होती आणि प्रजेची संमती नव्हती. ऑलंडला विलीनीकरण नाकारले गेले, पण प्रजेच्या हाती कायदा आला. शंभर वर्षांनंतर आज ऑलंडमध्ये स्वीडनमध्ये जाण्याची चळवळ जवळजवळ उरलेली नाही. हे वाक्य लिहिताना आमची लेखणी अडखळते, कारण ते आमच्या विरोधकांच्या सोयीचे आहे. पण जे आहे ते लिहिले पाहिजे; आणि विरोधकांनीही ते संपूर्ण वाचले पाहिजे. चळवळ शमली ती लाठीने नव्हे. ती हमी दिल्याने आणि पाळल्याने शमली.

मलाजखंड हे समुद्रापासून शेकडो कोस दूर, मैकलच्या डोंगरांत. तरी आमच्या मते ते बेटच आहे. भोवती साल-बांबूचे रान, मध्ये तांब्याची प्रचंड खाण. १९८२ साली हिंदुस्थान कॉपरचा प्रकल्प येथे सुरू झाला आणि देशातल्या तांब्याच्या साठ्यांतला फार मोठा वाटा येथल्याच भूमीत आहे. कंपनीचे मुख्य कार्यालय कलकत्त्यास, स्वामित्वधन भोपाळास, आणि गावाची बाजारहाट, दवाखाना, सोयरीक बालाघाट-गोंदियामार्गे नागपुराकडे. मध्यप्रांताच्या काळी बालाघाट जिल्हा नागपूर विभागातच होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी शेजारचा भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट नव्या मध्यप्रदेशात राहिला. त्या दिवशी येथल्या माणसाला कोणी काही विचारले नाही. हबसाणातला पंच्याऐंशी हजारांचा मुलूख ज्या विचारपुशीवाचून नवाबाच्या खात्यावर जमा होता, तीच तऱ्हा.

पण संमतीचे तत्त्व एकदा मानले की ते आपल्या सोयीपुरते मानता येत नाही. या डोंगरांत आमच्याआधीपासून गोंड आणि बैगा राहतात. मैदानात पोवारी बोलणारी गावे आहेत, हिंदी बोलणारी आहेत. त्यांना वगळून केवळ आपल्या सभेत ठराव करणे म्हणजे तटाच्या आत मतदान आणि तटाच्या बाहेर ताबा, हा सिद्दी सरदारांचाच कित्ता झाला. जेथे मराठी माणूस बहुसंख्य आहे तेथे त्याची इच्छा मोजावी, जेथे तो अल्पसंख्य आहे तेथे त्याने हमी मागावी, आणि स्वतः जी हमी मागतो ती दुसऱ्यास नाकारू नये. हे बोलणे आमच्या काही मित्रांस थंड वाटेल. वाटो.

आणि हमी मागावयाची तर हातात असलेली तरी वापरली पाहिजे. सातव्या घटनादुरुस्तीने, म्हणजे ज्या १९५६ साली सीमा ठरल्या त्याच साली, ३५०-अ हे कलम घटनेत आले: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय राज्याने करावी. ३५०-ब कलमाने या हक्कांवर देखरेख ठेवण्यासाठी राष्ट्रपतींकडून अधिकारी नेमला जातो. १९४९ साली प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने यासाठी संख्याही सांगून ठेवली होती: वर्गात दहा मुले, अथवा शाळेत चाळीस मुले, एका मातृभाषेची असली की त्या भाषेचा शिक्षक नेमावा. २०१५ च्या खनिज कायद्यातील दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली. खाणीने बाधित झालेल्या भागासाठी त्यांत पैसा जमतो आणि शिक्षण हा त्याच्या खर्चाचा एक विषय आहे. कलम आहे, संख्या आहे, पैसा आहे. नाही ती आमच्या बाजूची यादी.

तेव्हा वाचकांस आमची विनंती अशी की, येत्या जूनपूर्वी प्रत्येक वस्तीतील दोन जाणत्या माणसांनी घरोघर जाऊन, ज्या पालकांची इच्छा असेल त्यांच्याच पाल्यांची नावे, वय आणि इयत्ता लिहून घ्यावी. इच्छा नसेल तेथे आग्रह करू नये. चाळीस नावे झाली की अर्जाच्या तीन प्रती कराव्यात: एक जिल्हाधिकाऱ्यांकडे, एक शिक्षणाधिकाऱ्यांकडे, एक भाषिक अल्पसंख्याकांच्या आयुक्तांकडे, आणि प्रत्येक प्रतीची पोच घ्यावी. अर्ज हिंदीतून करावा की इंग्रजीतून, असे काहींनी आम्हांस विचारले आहे. संघराज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेतून गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क घटनेच्या ३५० व्या कलमाने दिला आहे. अर्ज मराठीतून करावा.